टेकायला जागा

पिशवी डाव्या हातात धरून, छत्री भिंतीला टेकवून प्रणती नंदी नेहमीसारखी पाठमोरी झाली, उजवा हात मागे नेऊन तिनं ओट्याच्या कडेचा अंदाज घेतला आणि अंग खाली सोडलं. तळव्याला गार, टोकदार काहीतरी लागलं. ती अर्ध्यावरच अडकली. गुडघे वाकलेले, पाठ पुढे झुकलेली, सगळा भार एका मनगटावर, आणि खाली काय आहे ते दिसत नाही. बाजाराकडून येणारा एक सायकलवाला घंटी वाजवत शेजारून निघून गेला. मग छत्रीच्या मुठीचा आधार घेत ती कशीबशी उभी राहिली, वळली आणि तिनं बघितलं. दत्तांच्या घराच्या, रस्त्याकडच्या ओट्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत लोखंडी सुळे बसवले होते. रांगांनी, बोटभर उंचीचे, ताज्या सिमेंटात रोवलेले. बाजाराला जाताना ती पलीकडच्या कडेनं गेली होती, तेव्हा ते दिसले नव्हते. कोणीतरी हौसेनं त्यांना काळा रंगही दिला होता आणि तो अजून पुरता वाळला नव्हता. तिच्या तळव्यावर रक्ताच्या शेजारी त्याचा डाग उठला होता. आधी तिला राग आला नाही. आधी तिनं इकडेतिकडे पाहिलं, आपल्याला कोणी पाहिलं की काय म्हणून. बैरागी सरकार लेन सकाळच्या कामात होती. समोर इस्त्रीवाला जगेसर कोळसे फुलवत होता, वरच्या गॅलरीत कोणाची तरी साडी निथळत होती. कोणी पाहिलं नव्हतं. तरी कानशिलं तापली. भर वर्गात खुर्ची मागे ओढली जावी आणि पोरींनी हसावं, तसं.

ही लाज तिच्या ओळखीची होती. याच ओट्यानं ती तिला शिकवली होती. सोळा-सतरा वर्षांची असताना ट्रामच्या रस्त्याला जायचं तर या ओट्यावरून जावं लागे, आणि ओट्यावर पोरं बसलेली असत. मोहल्ल्यातली तमाम पोरं. सकाळी वर्तमानपत्र घेऊन, दुपारी कॅरमचा निकाल घेऊन, संध्याकाळी फुटबॉल घेऊन. उत्तर कलकत्त्यात अशा ओट्याला रोक म्हणत, आणि रोकवर बसणारा पोरगा वाया गेला असं प्रत्येक आई म्हणत असे, जिचा स्वतःचा पोरगा तिथंच बसलेला असे. प्रणती पुस्तकं छातीशी धरून, मान खाली घालून यायची. लांबून त्यांचा गलका ऐकू यायचा, ती जवळ आली की ओटा गप्प व्हायचा. शिट्टी कधीच आली नाही, शेराही नाही. नुसती ती शांतता, आणि त्या शांततेतून स्वतःच्याच चपलांचा आवाज ऐकत चालायचं. शिट्टी परवडली असती, असं तिला तेव्हाही वाटे. पुढं ती गेली की गलका पुन्हा सुरू. ती शाळेत शिकवायला लागली, गल्ली तिला बाई या अर्थानं दिदिमणी म्हणू लागली, आई गेली, भाऊ लग्न करून वेगळा झाला, बाबा अंथरुणाला खिळले, आणि ती ओट्यावरून जातच राहिली. एकाहत्तर साली, नक्षलवाद्यांच्या धरपकडीत, त्यातल्या दोघांना पोलिसांनी नेलं, ते परत आले नाहीत. बाकीचे हळूहळू पांगले. कोणी सॉल्ट लेकला, कोणी मुलाकडे बंगळूरला, कोणी निमतला घाटाच्या स्मशानात. पोरांचे म्हातारे झाले आणि म्हाताऱ्यांचा एकच म्हातारा उरला. हाबूल.

त्याचं खरं नाव शिवेश, पण ते फक्त रेशनकार्डाला माहीत. पाच वर्षांपूर्वी बाजारातून परतताना प्रणतीच्या गुडघ्यात अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि समोर तो ओटा होता. तिच्या घरापासून बाजारापर्यंत टेकायला दुसरं काहीही नाही. निम्म्या वाटेवर हा ओटा तेवढा. उभ्या आयुष्यात ती त्यावर बसली नव्हती. बाई रोकवर बसत नसते. हाबूलनं वर्तमानपत्रातून मान वर केली, सरकला, धोतराच्या टोकानं शेजारची धूळ झटकली आणि पुन्हा वाचायला लागला. ती बसली. ओटा गार होता, गुळगुळीत. इतक्या वर्षांच्या बुडांनी घासून घासून त्याला मधोमध खोलगट बाक आला होता. त्या दिवशी काहीच बोलणं झालं नाही. दुसऱ्या दिवशी हाबूल पानावरून नजर न काढता म्हणाला, "दिदिमणी, परवर काय भावानं?" बस, तिथून सुरू झालं. पुढं भावावरून माशावर, माशावरून मेलेल्या माणसांवर. रोज एवढंच. पण ती रोज बाजारात जाऊ लागली ती परवरासाठी नव्हे, हे तिचं तिला कळत होतं. वाटेत टेकायला मिळत होतं म्हणून ती बाजारापर्यंत पोचत होती, आणि बाजारापर्यंत पोचत होती म्हणून ती अजून माणसांत होती.

त्या सकाळी ती न टेकता घरी आली. वाटेत दोनदा भिंत धरून थांबली. जिना चढताना मासळीची पिशवी खालच्या पायरीवरच ठेवली आणि ती आणायला पुन्हा उतरण्याची हिंमत दुपारपर्यंत झाली नाही. मांजरानं एक तुकडा नेला. संध्याकाळी भाच्याचा फोन आला. शौनक तिच्या भावाचा एकुलता मुलगा. भाऊ गेल्यावर तोच तिची विचारपूस करी. आत्याला तो पिशी म्हणे. मनानं चांगला पोरगा. त्याचा चांगुलपणाच तिला अलीकडे जड जाऊ लागला होता.

"अगं पिशी, बाजारात जायचंच कशाला? फोनवर बोट ठेवलं की दहा मिनिटांत दारात मासे. साफ करून, कापून."

"आणि मी?"

"तू काय?"

"मी दहा मिनिटांत कुठं पोचते?"

तो हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "किती दिवस काढणार तिथं? इकडे तुझी खोली तयार आहे. लिफ्ट आहे, बाग आहे. मी रविवारी येतो, सविस्तर बोलू. त्या घराचंही ठरवून टाकू एकदाचं."

त्या खोलीत ती राहून आली होती. डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा न्यू टाउनला, चौदाव्या मजल्यावर. शौनकची बायको संयुक्ता वेळेवर थेंब घालायची, वेळेवर सूप द्यायची. खिडकीतून खूप आकाश दिसायचं, इतकं की त्याचं काय करावं कळत नसे. खाली बाग होती. बागेत म्हातारी माणसं पांढरे बूट घालून एकामागून एक गोल फिरत, घड्याळ बघत. बाकं होती, पण एकमेकांपासून लांब, आणि सगळ्यांची तोंडं तळ्याकडे. बोलायचं तर तळ्याशी. एकदा ती पान आणायला म्हणून फाटकाबाहेर पडली, तर वॉचमननं विचारलं, "कोणत्या फ्लॅटच्या, मासिमा?" साठ वर्षं जिला एका गल्लीनं दिदिमणी म्हटलं, तिला आकडा सांगावा लागला. दुकान रस्त्यापलीकडे होतं. रस्ता इतका रुंद की पलीकडची माणसं कोण्या दुसऱ्या गावची वाटत. दिवा हिरवा झाला, ती उतरली, मधे पोचली तोवर लाल झाला. दुभाजकावर ती उभी राहिली आणि दोन्ही बाजूंनी गाड्या वाहत राहिल्या. कोणी हॉर्न वाजवला नाही, कोणी शिवी दिली नाही. बैरागी सरकार लेनमध्ये एव्हाना चार माणसं ओरडली असती, पाचव्यानं हात धरला असता. पानाशिवाय ती परतली आणि त्या रात्री तिला रक्तदाबाची गोळी वाढवून द्यावी लागली. डॉक्टर म्हणाले वय आहे. वय नव्हतं. ती पंधरवड्यात परत आली आणि दुसऱ्याच दिवशी तिचं जेवण दुप्पट झालं.

सुळे बसल्यापासून हाबूल दिसेना. ती दोन दिवस जिन्याच्या झरोक्यातून वाट पाहत राहिली. ओट्याशी आता एक पाटी लागली होती; दत्तांचं घर साहा नावाच्या तरुणानं विकत घेतलं होतं आणि तो तिथं कॉफीचं दुकान काढणार होता. तिसऱ्या दिवशी ती छत्री टेकत टेकत हाबूलच्या घरी गेली. तळमजल्यावरची एक खोली, मधे पडदा. पडद्याच्या अलीकडे त्याची सून शिकवण्या घेत होती, वीसेक पोरं जमिनीवर दाटीनं बसून पाढे घोकत होती. पलीकडे, खाटेवर, भिंतीकडे तोंड करून हाबूल बसला होता. वर्तमानपत्र मांडीवर घडी न उलगडलेलं. सकाळचे ते तास तो ओट्यावर का काढत असे, ते तिला आज कळलं. त्याला दुसरीकडे जागाच नव्हती.

"या दिदिमणी," तो म्हणाला. "परवर काय भावानं?"

"मला काय माहीत. गेलेच नाही."

"बरं केलंत. आता सगळं घरी येतं म्हणे."

"हाबूलदा, तुम्ही त्या साहाशी बोललात का?"

"काय बोलायचं? त्याचं घर, त्याचा ओटा. आपण आपले फुकटे." तो पोरांना ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोलत होता, आणि त्या हळू बोलण्यानंच तिचं डोकं फिरलं. हा माणूस एके काळी ओट्यावरून ओरडला की ट्राम थांबायची. "जाऊ द्या हो. आपलं झालं आता सगळं."

"तुमचं झालं असेल," ती म्हणाली. "माझं अजून बाजाराचं बाकी आहे."

घरी येऊन ती खाटेवर पडली आणि छताकडे बघत राहिली. गुडघे ठणकत होते. खोलीत कोंदट होतं, नेहमीच असे. रस्त्याच्या बाजूला गॅलरी होती, पण गॅलरीचं दार उघडत नसे. ते बाबांनी बंद केलं होतं. ती कॉलेजात गेली त्या वर्षी एका रविवारी सुतार आला आणि त्यानं त्या दारात लांबलांब स्क्रू पिळले, कारण गॅलरीत उभं राहिलं की ओटा दिसे आणि ओट्यावरून गॅलरी दिसे. बाबांनी कारण सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. त्या दिवशी जेवायला आईनं तिला माशाचं डोकं वाढलं, जे एरवी भावाला मिळे. पुढं दारावर रंगाचे थर चढत गेले आणि ते दार आहे हेही ती विसरली. त्यावर तिनं कॅलेंडर टांगलं, मग बाबांचा फोटो. बाबांना जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ते उघडावं असं एकदाही मनात आलं नाही. आपल्याला नमायची सवय लागली ती कधी, हे तिला आठवेना. नावच प्रणती ठेवलेलं. ती उठली, फोटो काढून खाटेवर ठेवला आणि नखानं रंग खरवडू लागली. थराखाली थर. खाली मूळचा हिरवा. मग स्क्रूचं गोल डोकं. तिला हसू आलं.

जगेसरनं आणि त्याच्या भावानं मिळून दुसऱ्या दिवशी दार काढलं. स्क्रू गंजून लाकडाशी एक झाले होते. शेवटी पहारीनं चौकट कडाकडा बोलली आणि कवाड बिजागरीतून सुटलं. एकदम उजेड आत आला, पाठोपाठ गल्लीचा आवाज, कोळशाचा धूर, कोणाच्या तरी फोडणीचा वास.

"आता हे कुठं टाकायचं, दिदिमणी? भंगारात?"

"दत्तांच्या ओट्यावर."

जगेसरनं तिच्याकडे पाहिलं, मग भावाकडे. "साहाबाबू बोलतील."

"मला बोलतील. तू म्हणायचं, मी इस्त्रीवाला, मला काय माहीत?"

बर्मी सागाचं दार, जाड, जुनं. मागच्या अंगाला आडव्या पट्ट्या ठोकलेल्या. सुळ्यांच्या रांगा त्या पट्ट्यांमधल्या पोकळीत बसल्या आणि दार जागच्या जागी घट्ट राहिलं. जगेसरच्या भावानं हलवून पाहिलं, हलेना. प्रणती पाठमोरी झाली. हात मागे नेला. लाकूड लागलं. ती बसली, आणि तिच्या लक्षात आलं की ओटा आता चांगला चार बोटं उंच झाला आहे. गुडघे पूर्वीइतके वाकवावे लागत नाहीत, उठताना छत्रीवर एवढा भार नको. या गोष्टीचा तिला इतका आनंद झाला की ती उगीचच दोनदा उठली आणि दोनदा बसली.

हाबूल आला तो तासाभरानं, बातमी लागल्यावर. आधी लांब उभा राहिला. मग जवळ येऊन काठीनं दार ठोकून पाहिलं.

"हे तुमच्या गॅलरीचं," तो म्हणाला.

"तुम्हाला कसं कळलं?"

"हिरवा रंग." तो बसला, वर्तमानपत्र उघडलं आणि त्याआडून म्हणाला, "ते बंद झालं तेव्हा आम्ही सगळे आठवडाभर गप्प होतो, दिदिमणी. वाटलं, आमच्यातल्याच कोणीतरी काहीतरी केलं असणार. एकमेकांना मारायचं तेवढं बाकी होतं." तिला त्या जुन्या शांततेकडे दुसऱ्या बाजूनं पाहायची कधी गरज पडली नव्हती. ओट्यावर बसलेली ती पोरं तिला पहिल्यांदाच पोरं वाटली. पायात रबरी चपला, मिसरूड नीट न फुटलेली, आपल्याला बघून घाबरलेली.

सायंतन साहा दुपारी आला. नम्र मुलगा, दाढी नीट कोरलेली, वाकून नमस्कार केला. "मासिमा, हे काय?"

"दार."

"हो, पण मासिमा, ही माझी मालमत्ता आहे."

"ओटा तुझा. सुळेही तुझे, त्यांतल्या एकालाही मी हात लावलेला नाही. उलट त्यांतलाच एक माझ्या हाताला लागलाय." तिनं पट्टी बांधलेला तळवा दाखवला. "दार माझं आहे. माझ्या दारावर मी बसलेय."

हाबूलचं वर्तमानपत्र हललं. साहानं ओठ चावला. "रात्री दारुडे बसतात, घाण करतात. मला धंदा करायचाय. तुमच्यासाठी नव्हते बसवले ते."

"पण लागले मला. दारुडा पडला तरी दुसरीकडे जाऊन पडेल. मी कुठं जाऊ?"

"मी समजू शकतो, पण..."

"समजायला काय लागतं? तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत?"

त्याची नजर तिच्या छत्रीकडे गेली. "ठीक नाहीत," म्हणाला, आणि मग स्वतःवरच चिडल्यासारखा म्हणाला, "हे बघा, उद्यापर्यंत हे इथून हललं पाहिजे. नाहीतर मला हलवावं लागेल." पाय आपटत तो आत गेला. त्याच्या बुटांचा आवाज ऐकत प्रणती दारावर तशीच बसून राहिली. इतक्या वर्षांत तिनं पुरुषाला असं तोंडावर उत्तर दिलं नव्हतं. वाईट वाटत नव्हतं. जेवणानंतर ती गॅलरीत उभी राहिली. कठडा मोडकळीला आला होता, कबुतरांनी घाण केली होती, आणि ती तिथं दिवेलागणीपर्यंत उभी होती.

दार तीन सकाळी टिकलं. त्या तीन सकाळींत कोपऱ्यावरच्या विश्वासबाई येऊन बसल्या, ज्या पावसाळ्यापासून घराबाहेर पडल्या नव्हत्या. गल्लीच्या टोकाची आंधळी होत चाललेली लावण्य येऊन बसली आणि आवाजांवरून एकेकाला ओळखत राहिली. हाबूल ओरडून बातम्या वाचू लागला. चौथ्या दिवशी, रविवारी, ती पिशवी घेऊन खाली उतरली तर ओट्यावर नुसते सुळे होते. दार कुठंच नव्हतं. हाबूल काठीवर भार देऊन तिथं उभा होता, पण परत जात नव्हता. ती वळली. जिना चढताना तिला त्या हिरव्या रंगाची आठवण आली. ते दार आता कुठल्या भंगारात असेल, कोण फोडत असेल. पण वर पोचेतो तिचं ठरलं होतं. तिनं गॅलरीतून जगेसरला हाक मारली.

शौनक आला तेव्हा जगेसर बाबांच्या खोलीचं दार काढत होता. मागे स्वयंपाकघराचं दार आधीच भिंतीला उभं होतं, राखीव. साऱ्या घरातून वारा वाहत होता, टेबलावरचे कागद जमिनीवर उडाले होते.

"पिशी, हे काय चाललंय? विकायचं म्हटलं तर अशा अवस्थेत कोण घेईल हे घर?"

"कोणी नाही घेणार. धर ते टोक."

"काय?"

"जगेसरचा भाऊ गावाला गेलाय. धर."

"आपण बोलणार होतो ना?"

"हे खाली पोचव, मग दिवसभर बोल. मी ऐकते. येणार मात्र नाही, ते आधीच सांगते, म्हणजे तुझा जीव टांगणीला नको."

तो काहीतरी म्हणणार होता, पण जगेसरनं पलीकडचं टोक उचललं होतं आणि दार त्याच्या अंगावर झुकलं, तेव्हा त्याला धरावंच लागलं. जिना उतरता उतरता तो घामाघूम झाला. ती पुढं, छत्री टेकत. मागून तिला त्याची कुरकुर ऐकू येत होती, लिफ्ट, बाग, डॉक्टर, संयुक्ता काय म्हणेल. इस्त्रीच्या टपरीपर्यंत कुरकुर पुरली. मग नुसता श्वास. मग तो म्हणाला, "थांब, थांब जरा. पिशी, टेकायला काही नाही का गं इथं?"

ती वळली. बेचाळीस वर्षांचा भाचा, दिवसभर खुर्चीत बसून काम करणारा, दाराला गाल लावून उभा होता.

"आहे की," ती म्हणाली. "तूच आणतोयस ते उचलून."

दार सुळ्यांवर बसलं. हे अधिक जड होतं, थोडं रुंदही; विश्वासबाईंना आता कडेला बसावं लागणार नव्हतं. हाबूल आधी बसला, त्याला थांबवत नव्हतं. मग शौनक बसला, सदऱ्याच्या बाहीनं कपाळ पुसत, आणि बराच वेळ उठला नाही. आतून सायंतन साहा बाहेर आला. हातात चहाचा कप. त्यानं दाराकडे पाहिलं, मग गल्लीच्या टोकाशी तिच्या घराकडे, जिथं गॅलरीच्या मोकळ्या चौकटीतून पडदा बाहेर फडफडत होता.

"मासिमा," तो दमल्या आवाजात म्हणाला, "किती दारं आहेत तुमच्या घरात?"

प्रणतीनं पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि शेजारी जागा केली. "बस," ती म्हणाली. "मोजून सांगते."

तो बसला नाही. पण दुसऱ्या दिवशी दार जागेवर होतं. तिसऱ्या दिवशीही होतं. चौथ्या दिवशी तिनं त्यावर चटई टाकली.